खोडवा तुटल्यावर गहू: कोणता वाण, कोणत्या तारखेपर्यंत

हातकणंगले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: सोयाबीन काढून दीड एकर रान मोकळं झालंय, पण ते जानेवारीतल्या लागणीच्या, म्हणजे सुरू उसाला ठेवलंय. शेजारी एकरभर खोडवा, म्हणजे आधीच्या तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, उभा आहे. तो तुटला की तिथं गहू करायचा आहे. ऊसतोडीची टोळी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येईल की शेवटच्या, काही नेम नाही. दुकानदार उत्तरेकडचा नवा वाण घ्या म्हणतो, पाव्हणे लोकवन म्हणतात, वडिलांचं मन खपलीत आहे. उशीर झालाच तर फेब्रुवारीत गहू पेरला तर चालेल का? बाहेरच्या देशांत वसंतात पेरतात असं ऐकलंय. गहू मुख्यतः घरी खायला हवाय, उरला तर विकायचा.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. बियाण्याची पिशवी फुले समाधान या वाणाची घ्या. 15 डिसेंबरपर्यंत रान पेरणीला तयार झालं नाही तर त्या रानात गव्हाचा नाद सोडा. फेब्रुवारीचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका.

आता कारणं. गव्हाचा वाण निवडताना बहुतेक जण पिशवीवरचं उत्पादन बघतात. लवकर पेरणाऱ्याला ते परवडतं. उशिरा पेरणाऱ्यानं कॅलेंडर उलटं वाचायचं असतं, म्हणजे मार्चपासून मागे मोजत यायचं. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस तुम्हाला ठाऊक असेल: बागायती गहू वेळेवर पेरायचा तर 1 ते 15 नोव्हेंबर, उशिरा पेरायचा तर 15 डिसेंबरपर्यंत. 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल घट धरतात, म्हणजे आपल्या हिशेबात एकरी एक क्विंटल. ही सरासरी आहे. पहिल्या पंधरवड्यात घट कमी जाणवते आणि डिसेंबरच्या मध्यानंतर ती एकदम अंगावर येते, हे ज्यानं दोन्ही वेळा पेरून बघितलंय त्याला सांगायला नको.

तुमच्याच रानाचा हिशेब मांडू. समजा 5 डिसेंबरला पेरलं. मध्यम मुदतीचा वाण साधारण साठाव्या दिवशी ओंबीवर येतो, म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तिथून दाणा चिकात यायला, पोसायला आणि पक्का व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. म्हणजे दाणा भरण्याचा मुख्य काळ सगळा फेब्रुवारीत बसतो आणि मार्चच्या मध्यावर कापणी. हे जमण्यासारखं आहे. आता तेच 25 डिसेंबरला पेरलं तर ओंबी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघेल आणि दाणा भरेल मार्चमध्ये. कोल्हापुरात मार्चला दुपारचा पारा 35 च्या आसपास असतो. गव्हाला दाणा भरताना 25 च्या आसपास तापमान मानवतं. तिशी ओलांडली की पीक दाणा भरायचं सोडून पिकायच्या मागे लागतं. पानं चार-आठ दिवसांत पिवळी पडतात, ओंबी वरून भरलेली दिसते, पण हातावर चोळली की दाणा सुरकुतलेला आणि हलका. असला गहू चाळणीतून खाली पडतो, आणि दळला तर पिठापेक्षा कोंडाच जास्त निघतो.

यात आणखी एक गोष्ट आपल्या मुलखाची आहे. नाशिककडच्या निफाडच्या शेतकऱ्याचा अनुभव कोल्हापूरला जसाच्या तसा लावता येत नाही. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांवर किंवा त्याखाली जातो, दरवर्षी बातमी येते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी 14-15 च्या घरात असतो. पंचगंगेच्या काठाला पहाटे धुकं पडतं, गारठा वाटतो, पण गव्हाला लागणारी ती कडक, सलग थंडी आपल्याकडे थोडेच दिवस असते. फुटवे फुटायला ही थंडी लागते. ती कमी मिळाली की रोप घाईघाईनं कांडी धरतं आणि एका रोपाला चार-पाचऐवजी दोन-तीनच ओंब्या लागतात. म्हणून आपल्याकडे उशिराच्या गव्हाला दोन्हीकडून मार बसतो: सुरुवातीला थंडी अपुरी, शेवटाला ऊन जादा.

फेब्रुवारीची पेरणी याच हिशेबात निकालात निघते. बाहेरच्या देशांत वसंतात पेरतात हे खरं आहे. कॅनडाच्या मैदानात मे महिन्यात गहू पेरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कापतात. पण तिथं दाणा भरताना जी हवा असते ती आपल्या जानेवारीसारखी असते. युरोपात दोन प्रकारचे गहू आहेत. एक शरदात पेरायचा, त्याला ओंबीवर यायच्या आधी कित्येक आठवडे कडक थंडी अंगावर घ्यावीच लागते. तो कोल्हापुरात पेरला तर गवतासारखा फुटत राहील, ओंबी बघायला मिळणार नाही. दुसरा वसंतात पेरायचा, त्याला ती अट नाही. आपला भारतातला जवळजवळ सगळा गहू जातीनं या दुसऱ्या प्रकारातला आहे. आपण तो हिवाळ्याच्या तोंडावर पेरतो एवढंच, कारण आपला हिवाळा त्यांच्या उन्हाळ्याइतका सौम्य आहे. तेव्हा 'वसंतातला गहू' तुम्ही दर रब्बीला करताच. फेब्रुवारीत पेरलात तर त्याची ओंबी एप्रिलच्या उन्हात निघेल, आणि मग ते पीक वैरणीच्याही कामाचं राहणार नाही.

1966 साली मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं देशात आलं, लर्मा रोहो 64-ए आणि सोनोरा 64 हे वाण. त्यांची खासियत नुसती बुटकेपणाची नव्हती. गव्हाचे शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात दोन ठिकाणी, दोन वेगळ्या हंगामांत आळीपाळीनं पिढ्या वाढवल्या होत्या, त्यामुळे दिवस लहान की मोठा याची या गव्हांना फारशी पर्वा राहिली नाही. आपले आजचे वाण त्याच वंशातले. याचा तुमच्याशी संबंध असा की आपल्या गव्हाचं घड्याळ मुख्यतः उष्णतेवर चालतं. हवा तापली की तो मुदत आखडती घेतो. म्हणून पिशवीवर 110 दिवस लिहिलेला वाण डिसेंबरात पेरला तर शंभरीच्या आसपास उरकतो. 'दिवस वाचले' म्हणून खूश होण्यासारखं त्यात काही नाही. ते दिवस फुटव्यातून आणि दाण्यातून कापले गेलेले असतात.

आता वाणांकडे येऊ. तुमची खरी अडचण उशीर नाही, तारखेची अनिश्चितता आहे. टोळी कधी येणार हे तुमच्या हातात नाही. कारखान्याचा चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारा) सोमवारी म्हणतो आणि गाडी पुढच्या गुरुवारी उभी राहते, हे सगळ्यांनी भोगलंय. अशा वेळी फक्त वेळेवर पेरणीचा किंवा फक्त उशिरा पेरणीचा वाण घेऊन ठेवला तर तारीख हुकली की वाण चुकला. फुले समाधान, म्हणजे एनआयएडब्ल्यू 1994, हा महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्राचा वाण वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारशीत आहे. शिफारशीतलं उत्पादन वेळेवर पेरल्यास हेक्टरी 45 क्विंटलच्या घरात आणि उशिराही 40 च्या पुढे आहे. दोन्ही आकड्यांत अंतर कमी आहे, आणि आपल्याला त्यातलं नेमकं हेच कामाचं. उसानंतरच्या रानात, नीट पाणी दिलेल्या उशिराच्या गव्हाला मी स्वतः एकरी 10 ते 12 क्विंटलचीच अपेक्षा धरायला सांगतो. त्याच्यावर निघालं तर वरकड. तांबेऱ्याला, म्हणजे पानाखोडावर तांबूस पुळ्या आणणाऱ्या बुरशीच्या रोगाला, तो चांगला टिकतो आणि चपाती मऊ होते. घरी खायचं असेल तर याहून जास्त काय बघायचं.

तो मिळालाच नाही तर एनआयएडब्ल्यू 34. हाही निफाडचाच, खास उशिरा पेरणीचा, शंभर दिवसांच्या आसपास निघणारा. जुना वाण आहे आणि नव्यासारखा दणकट राहिलेला नाही, पण उशिरात त्यानं इतकी वर्षं साथ दिली आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे एचडी 2932 आणि एचडी 3090 हेही आपल्या द्वीपकल्पीय (महाराष्ट्र-कर्नाटकाच्या) विभागाच्या उशिरा पेरणीसाठीच काढलेले. पिशवी दिसली तर घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्या शोधात आठवडा घालवू नका. तेवढ्यात पेरणीची वेळ निघून जाईल.

दुकानदाराच्या उत्तरेकडच्या वाणाबद्दल स्पष्टच सांगतो, घेऊ नका. पंजाब-हरियाणासाठी काढलेला एचडी 2967 सारखा वाण तिथं 140 दिवसांच्या पुढं जातो. त्याला नोव्हेंबरात पेरून एप्रिलपर्यंत ऐसपैस वेळ असतो, थंडीही तशी असते. तिथलं एकरी उत्पादन ऐकून आपले डोळे फिरतात, पण तो आकडा त्या हवेचा आहे. शिवाय तिथले वाण मुख्यतः पिवळ्या तांबेऱ्याच्या परीक्षेतून निवडलेले असतात. आपल्या सपाटीला तो तांबेरा नाहीच, आपल्याकडे त्रास काळ्या आणि नारिंगी तांबेऱ्याचा. पिशवीच्या लेबलावर किंवा माहितीपत्रकावर विभाग दिलेला असतो. त्यात द्वीपकल्पीय विभाग किंवा महाराष्ट्र असेल तरच पुढं बोला. 'शरबती'च्या नावानं बियाणं मागणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मध्य प्रदेशात जो गहू शरबती म्हणून नावाजला त्यात सी-306 सारखा जुना, उंच, कमी पाण्यावरचा वाण आहे. त्याला उसाच्या खतावलेल्या रानात पाणी पाजलंत तर तो मार्चच्या पहिल्या वळवात आडवा होईल.

लोकवनबद्दल पाव्हणे अगदीच चुकीचं सांगत नाहीत. बाजारातला लोकवन म्हणजे लोक-1, गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेला, सोनालिका या जुन्या वाणाच्या रक्ताचा. दाणा टपोरा, चमकदार. लवकर निघतो, उशिराही जमवून घेतो. गिऱ्हाईक नावानं मागतं. एवढ्या गुणांवर तो चाळीस वर्षं टिकला. पण तांबेऱ्यापुढे तो उभा राहत नाही, आणि आपण तांबेऱ्याच्या वाटेवरच बसलोय.

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण वाण निवडताना कोल्हापूरकरांनी हे सगळ्यात आधी बघावं आणि सगळ्यात शेवटी बघितलं जातं. तांबेऱ्याची बुरशी आपल्या सपाटीवरच्या उन्हाळ्यात टिकत नाही, जळून जाते. आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं की ती डोंगरात उन्हाळा काढते आणि दरवर्षी तिथून नव्यानं खाली येते. दक्षिणेत हे डोंगर म्हणजे नीलगिरी आणि पळणीचे. तिथून वाऱ्याबरोबर बुरशीचे कण कर्नाटकातून वर सरकतात. कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरताना पहिलं दार कुठलं? गडहिंग्लज, कागल, शिरोळ. विद्यापीठानं महाबळेश्वरला गहू तांबेऱ्याचं संशोधन केंद्र उगाच नाही ठेवलं. तिथल्या थंड हवेत बिनहंगामीही गहू वाढतो आणि नवे वाण रोगाच्या तोंडी देऊन पारखता येतात.

उशिराच्या पेरणीला यातला काळा, म्हणजे खोडावरचा तांबेरा जास्त घातक. त्याला ऊब मानवते. आणि उशिराचं पीक नेमकं ऊब वाढताना ओंबीवर असतं. ओळखायचा कसा? फेब्रुवारीत सकाळी दव असताना रानात जा. खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याजवळ खोडावर लांबट, विटकरी रंगाच्या पुळ्या दिसतील. नखानं हलकं खरवडा. खोडाची साल कडेला फाटल्यासारखी उचकटलेली दिसली आणि बोटाला विटकरी भुकटी लागली तर तो काळा तांबेरा. काळा रंग नंतर, पीक पिकताना येतो, तोवर उशीर झालेला असतो. नारिंगी तांबेऱ्याच्या पुळ्या मुख्यतः पानावर असतात, गोल, विखुरलेल्या, आणि कडा एवढ्या फाटत नाहीत. लोकवन केलाच असेल तर पहिली पुळी दिसताच प्रॉपिकोनॅझोल 25 ईसी लिटरला 1 मिलि या मानानं फवारायची तयारी ठेवा. समाधानसारखा वाण असला तरी चक्कर चुकवू नका. बुरशीही दरवर्षी नवी रूपं घेते, आणि आज टिकणारा वाण दहा वर्षांनी टिकेलच असं नाही. एनआयएडब्ल्यू 34 ला 'जुना झाला' म्हटलं ते याच अर्थानं.

वडिलांच्या खपलीला मात्र मी नाही म्हणणार नाही, फक्त जागा आणि तारीख बदला. खपली हा मुळात वेगळाच गहू, टरफलासकट मळणारा. तांबेऱ्याला चिवट, उन्हालाही बऱ्यापैकी सोसणारा, आणि खिरीला त्याच्यासारखा दुसरा नाही. उरुसाच्या महाप्रसादाची खीर खाल्लेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. पण तो नोव्हेंबरात पेरायचा गहू आहे, आणि टरफल काढून द्यायची गिरणी जवळ आहे का हे आधी बघायला हवं. टरफल काढल्यावर वजन चांगलंच उतरतं, तेव्हा ढिगाचा आकडा बघून हुरळू नका. दहा-पंधरा गुंठे आत्ता, सोयाबीनच्या रानाच्या एका कडेला करा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 2971 किंवा धारवाडचा डीडीके 1029 हे बुटके खपली वाण आहेत. जुन्या उंच खपलीसारखे ते लोळत नाहीत. खोडव्याच्या रानात डिसेंबरात खपली नको.

बन्सी गव्हाचं एका ओळीत: रवा-शेवयांसाठी उत्तम, उशिराच्या पेरणीला अजिबात नको.

वाण ठरला की बियाण्याचं प्रमाण. 'उशिरा पेरणीला एकरी 50 किलो' ही शिफारस सगळ्यांना पाठ आहे, पण किलोत मोजून फसगत होते, कारण दाणा वाणागणिक लहान-मोठा असतो. सोनाराच्या तराजूवर किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर हजार दाणे मोजून वजन बघा. 40 ग्रॅम भरले तर 50 किलोत साडेबारा लाख दाणे आले, म्हणजे चौरस मीटरला 300 च्या थोडे वर. उशिराला एवढी रोपं हवीतच, कारण फुटवे कमी येणार. लोकवनसारख्या टपोऱ्या गव्हाचे हजार दाणे 50 ग्रॅमच्या आसपास भरतात. तेव्हा त्याच 50 किलोत दहा लाखच दाणे येतात आणि रान विरळ राहतं. तेवढीच रोपं हवी असतील तर 62 किलो लागेल. उगवणही बघा. प्रमाणित बियाण्याला किमान 85 टक्के उगवण लागते. घरचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा आणि सातव्या दिवशी मोजा. सत्तर उगवले तर बियाणं त्या मानानं वाढवा, साठच्या खाली गेलं तर ते दळायला पाठवा. गहू स्वतःच्याच परागावर धरतो, त्यामुळे एकदा घेतलेलं बियाणं तीन वर्षं घरचं वापरता येतं. दरवर्षी पिशवी घेण्याची गरज नाही. हे दुकानदार सांगणार नाही.

दोन ओळींत 18 सेंटिमीटर ठेवा, आणि पाच सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका. उसाच्या रानात कुरीनं पेरताना फण कुठं खोल जातो, कुठं खोडकीवर (तुटल्या उसाच्या बुडख्यावर) चढतो. त्यामुळे अर्धं रान चार दिवस आधी उगवतं आणि अर्धं मागं राहतं. उशिराला हे चार दिवससुद्धा महाग पडतात.

खोडव्याच्या रानाबद्दल दोन गोष्टी वाणाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली, वापसा, म्हणजे मशागतीला योग्य ओल. ऊस तुटायच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडलं नसेल तर काळ्या रानात नांगर चालायलाच दहा दिवस जातात, आणि वर टोळीच्या गाड्यांनी रान दाबून टाकलेलं असतं. शिरोळकडच्या चिकण मातीत तर विचारूच नका. तोडणीचा अंदाज लागला की लगेच पाणी बंद करा, उसाचं टनेज थोडं गेलं तर जाऊ द्या. दुसरी, पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. जाळू नका, पण गव्हाच्या तोंडावर मातीत गाडूही नका. ताजं पाचट कुजताना रानातलं नत्र ओढून घेतं आणि तीन आठवड्यांचा गहू पिवळा पडतो. मग लोक लोह फवारतात, जस्त फवारतात, आणि पिवळेपणा हटत नाही. पाचट कडेला किंवा शेजारच्या खोडव्यात पसरा. खोडक्या मात्र उपटून बाहेर काढा. रोटर मारून सोडल्या तर पंधरा दिवसांत गव्हातून उसाचे कोंब डोकं काढतात आणि मग गव्हात पाय न देता ते काढणं हा एक वेगळाच उद्योग होतो.

खत फार ताणू नका. उशिराच्या गव्हाला एकरी 35 किलोच्या आसपास नत्र पुरे, अर्धं पेरताना आणि अर्धं पहिल्या पाण्याला. पहिलं पाणी अठराव्या ते एकविसाव्या दिवसात. दिवस मोजण्यापेक्षा एक रोप मुळासकट उपटून बघा. दाणा आणि जमिनीचा पृष्ठभाग यांच्या मधे, पृष्ठभागाच्या जरा खाली, एक गाठ असते. तिथून पांढरी, जाड, आखूड मुळं फुटायला लागली असतील तर पाण्याची वेळ झाली. ही मुळं कोरड्या मातीत अडली की पुढं कितीही पाणी द्या, ओंब्यांची संख्या भरून येत नाही. वेळेवरच्या गव्हात ही चूक थोडी झाकली जाते, उशिराच्या गव्हात नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. चारी बाजूंनी उभा ऊस आणि मधे एकरभर गहू, तोही सगळ्यांच्या मागून पिकणारा, म्हणजे शिवारातल्या उंदीर-पाखरांना खास आमंत्रण. कडेच्या चार ओळी सावलीनं जातात ते वेगळंच. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याच्या डोंगरकडेला असाल तर गवेही त्यात धरा. शेजारी दोघा-तिघांनी मिळून एकाच आठवड्यात गहू पेरला तर नुकसान वाटलं जातं. बांधावर बोलून बघा.

आता एक सूचना, जी तुम्ही विचारली नाही. सोयाबीनचं दीड एकर आत्ता मोकळं आहे आणि 15 नोव्हेंबर अजून गेलेला नाही. ते सुरू उसासाठी जानेवारीपर्यंत रिकामं ठेवून, गहू मात्र डिसेंबरात खोडव्याच्या दाबलेल्या रानात घालायचा, हे उलटं होतंय. गहू सोयाबीनच्या रानात आत्ता पेरा. सोयाबीनच्या मागचं रान भुसभुशीत असतं आणि मुळांवरच्या गाठींचा थोडा नत्रही पिकाला मिळतो. इथं तर समाधानबरोबर आघारकरचा एमएसीएस 6222 किंवा 6478, किंवा निफाडचा त्र्यंबक हेही वेळेवरचे वाण खुशाल घ्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात रान मोकळं होईल. सुरूचा हंगाम तोवर गेलेला असेल हे मान्य, पण तिथं हिरवळीचा ताग-धैंचा गाडून जुलैत आडसाली ऊस लावता येईल. खोडव्याच्या रानात जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उन्हाळी भुईमूग पेरता येतो, त्याला टोळी पंधरा दिवस उशिरा आली तरी बिघडत नाही. कारखान्याला सुरूची नोंद दिलेली असेल आणि ती मोडायची नसेल, तर मात्र तुमचाच बेत ठेवा. तो चूक नाही, फक्त महाग आहे. जवळच्या तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात एक फेरी मारा. आपल्या मातीत कुठला वाण कसा गेला हे तिथं रानासकट बघायला मिळेल.

शेवटी पिशवीबद्दल. आत्ता घेऊन ठेवलीत आणि 15 डिसेंबरपर्यंत रान तयार झालं नाही तर ती फोडू नका, आणि काही झालं तरी दळू नका. प्रमाणित बियाण्याला सहसा औषध लावलेलं असतं, ते गुलाबी-हिरवट दाणे धुऊनही खाण्यालायक होत नाहीत. दुकानदार परत घेईल का हे घेतानाच विचारून पावतीवर लिहून घ्या. नाही घेतली तर कोरड्या जागी, फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा, आणि पुढच्या ऑक्टोबरात गोणपाटातली उगवण बघून वापरा. घरचं बियाणं असेल तर बीजप्रक्रिया पेरणीच्या आदल्या दिवशीच करा, आधी नको. म्हणजे टोळी आलीच नाही तर निदान तो गहू गिरणीत नेता येईल.